शुद्ध म्हणजे काय?

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आम्ही शाळेच्या वाटचालीचा इतिहास लिहू, अशी सर्वांची अपेक्षा होती. इतिहास हा आमचा विषय असल्याने ती अपेक्षा गैर नव्हती. परंतु शाळेची स्थापना, वसतिगृहाची पायाभरणी, दात्यांची नामावली हे सारे या अंकात अन्यत्र आलेच आहे. आम्ही लिहिणार आहोत ते प्रयोगशाळेच्या कपाटातील एका लहान बाटलीविषयी. तिच्या तोंडाशी मेण लावलेले आहे, आत पांढरे सुईसारखे स्फटिक आहेत आणि बाहेरील चिठ्ठीवर एका विद्यार्थिनीच्या हस्ताक्षरात एकच शब्द आहे : युरिया.

दरवर्षी २० मार्चला आपली मुले महाडला जातात, हे माजी विद्यार्थ्यांना सांगायला नको. नागोठणे, कोलाड, माणगाव मागे टाकीत गाडी महाडला पोहोचते आणि मुले चवदार तळ्याच्या काठावर उभी राहतात. परतल्यावर वर्गात त्या दिवसाचा इतिहास सांगण्याचे काम कित्येक वर्षे आमच्याकडे आहे. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झालेला रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव, १९ व २० मार्च १९२७ रोजी भरलेली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद, बाबासाहेबांनी तळ्यावर जाऊन ओंजळीने प्यालेले पाणी, त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर झालेला हल्ला, असे क्रमाने सांगत आम्ही शेवटी तळ्याच्या तथाकथित शुद्धीकरणापाशी येतो. दूध, दही, शेण आणि गोमूत्र यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्रघोषात तळ्यात ओतल्या गेल्या आणि पाणी पुन्हा शुद्ध झाल्याचे जाहीर करण्यात आले. या ठिकाणी वर्गात हशा पिकतो आणि तास संपतो. असे आम्ही अनेक वर्षे करीत आलो होतो.

काही वर्षांपूर्वी त्या हशानंतर रोहे तालुक्यातील, नववीतील एक मुलगी उभी राहिली. तिने विचारले, "सर, गोमूत्रात असे काय असते, की ज्याने तळे शुद्ध होते?"

"काही नसते. ती अंधश्रद्धा आहे," आम्ही म्हणालो.

"पण काहीतरी असेलच ना? रिकामी घागर कोणी ओतत नाही. आणि जे असते, ते माणसाच्या मूत्रात नसते का?"

वर्ग पुन्हा हसला. मागील बाकावरून कोणीतरी तिच्या आईविषयी काही बोलले आणि हसू वाढले. तिची आई तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात संडास-मुताऱ्या धुण्याचे काम करीत असे. प्रवेश अर्जावर मुलीने आईच्या व्यवसायापुढे 'नोकरी' एवढेच लिहिले होते. ते हसू आपल्या शाळेतले होते, रोज सकाळी त्रिसरण-पंचशील म्हणणाऱ्या आपल्याच मुलांचे होते. ही गोष्ट गौरवअंकात लिहू नये, असे कोणी म्हणेल. आम्हांस मात्र ती येथेच लिहिणे योग्य वाटते. मुलगी खाली बसली. आम्ही मुलांना रागावलो, परंतु तिच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. 'अंधश्रद्धा' हा शब्द उच्चारला की उत्तर दिले, असे आम्ही इतकी वर्षे समजत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घेऊन विज्ञान शिकविणाऱ्या आमच्या सहकारी बाईंकडे गेलो. बाईंनी प्रश्न शांतपणे ऐकून घेतला आणि शाळेच्या परसबागेसाठी आणलेल्या खताच्या पोत्यातून मूठभर दाणे आणावयास सांगितले. ते थळच्या कारखान्यातील 'उज्ज्वला' युरियाचे पोते होते. पेणहून थळकडे जाणारा मालगाडीचा मार्ग आपल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातला आहे आणि पेरणीच्या दिवसांत घराच्या पडवीत युरियाचे पोते असणे ही आपल्याकडील नित्याची गोष्ट आहे. बाई म्हणाल्या, "गोमूत्रात पाणी आणि क्षार सोडले, तर मुख्यतः जे असते, ते हे. माणसाच्या मूत्रातही हेच असते."

मुलीने दाणे हातात घेऊन पाहिले आणि विचारले, "हेच म्हणजे असेच, की तेच?"

इतिहासाच्या अभ्यासकाला हेवा वाटावा असा हा प्रश्न होता. सारखे असणे आणि तेच असणे यांतील भेद पुराव्याने ठरवावा लागतो. त्या उन्हाळ्यात तो पुरावा शोधण्यासाठी आम्ही तिघेजण बसलो. त्यातील इतिहासाचा भाग आमच्याकडे आला.

फ्रान्समधील रूएल यांनी १७७३ साली मूत्र आटवून युरिया वेगळा काढला. तेव्हा विद्वानांची अशी धारणा होती की, सजीवांच्या शरीरातील पदार्थ शरीरातच तयार होऊ शकतात, कारण त्यासाठी एक विशेष जीवनशक्ती लागते. १८२८ साली जर्मनीतील फ्रेडरिक वोलर यांना अमोनियम सायनेट तयार करताना मिळालेला पदार्थ युरियाच निघाला. त्यासाठी ना गाय लागली, ना मनुष्य, ना मूत्रपिंड. या एका प्रयोगाने जीवनशक्तीची कल्पना त्याच दिवशी कोसळली, असे पाठ्यपुस्तके सांगतात. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे सावध केले पाहिजे की, ही कथा पुढे रंगविली गेली. ती कल्पना मावळण्यास आणखी अनेक दशके आणि अनेकांचे प्रयोग खर्ची पडले. जुन्या समजुती एका घावात मरत नाहीत, हे महाडच्या वाटेवरील लोकांना वेगळे सांगावयास नको. तरीही महाडच्या तळ्यात १०८ घागरी ओतल्या गेल्या, त्याला वोलर यांच्या प्रयोगानंतर ९९ वर्षे झाली होती, हेही खरेच.

दरम्यान बाईंनी मुलीकडून प्रयोग करून घेतला. पोत्यातील दाणे गोल असतात. याचे कारण असे की, वितळलेला युरिया उंच मनोऱ्यावरून थेंबाथेंबाने खाली सोडतात आणि पडता पडता तो हवेत गोठतो. हा गोलाकार कारखान्याने दिलेला असतो, पदार्थाचा स्वतःचा नसतो. तो स्वतःचा आकार पाहावयाचा, तर दाणे विरघळवून पदार्थाला सावकाश जमू द्यावे लागते. दाणे पाण्यात टाकताच पेला बाहेरून थंडगार झाला, कारण विरघळताना युरिया पाण्यातील उष्णता ओढून घेतो. बाईंनी सहज माहिती दिली की, २० अंश सेल्सिअसच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे १०८ ग्रॅम युरिया विरघळतो. मुलगी आमच्याकडे पाहून हसली. तो निव्वळ योगायोग आहे आणि आकड्यांत अर्थ शोधण्याचा रोग आपण लावून घेऊ नये, असे आम्ही तिला बजावले. परंतु हसू आम्हांसही आले.

पुढे गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये तिने दाणे विरघळविले, द्रावण गाळले आणि बशीत झाकून ठेवले. सकाळी बशीत लांब, पारदर्शक सुया उगवल्या होत्या. पेणच्या खारपट्ट्यातील मुलांनी मिठागरातील मिठाचे चौकोनी खडे पाहिलेले असतात. या सुया पाहण्यास ती सारी जमली. पुढे बाईंनी केशनलिकेत थोडे स्फटिक भरून ती तेलात तापविली. पोत्यातील दाणे लवकर ओघळू लागले. बशीतील स्फटिक मात्र १३२ अंशांच्या पुढे जाईपर्यंत थांबले आणि मग एकदम वितळले. रसायनशास्त्रात 'शुद्ध' या शब्दाचा अर्थ एवढाच आहे, असे बाईंनी सांगितले. पदार्थात दुसरे काही मिसळलेले नसावे आणि ते कोणालाही तपासून पाहता यावे. तपासणारा कोण, त्याचे आईवडील कोण, याने तापमापीवरील आकडा बदलत नाही. धम्मवंदनेतील 'एहिपस्सिको' हा शब्द आपण रोज म्हणतो. 'ये आणि पाहा', हा त्याचा अर्थ आम्हांस त्या दिवशी तेलाच्या त्या भांड्यापाशी अधिक स्पष्ट झाला.

आता मुलीच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. 'तेच' आहे, हे कशावरून? त्याचे उत्तर स्फटिकाच्या आत आहे. स्फटिकावर क्ष-किरण सोडले असता ते ठराविक दिशांना विखुरतात आणि त्या खुणांवरून आतील अणूंची मांडणी काढता येते. ज्या वर्षी मुंबईत बोले ठराव झाला, त्याच १९२३ साली बर्लिनमध्ये हर्मान मार्क आणि कार्ल वायसेनबर्ग या दोन तरुण शास्त्रज्ञांनी युरियाच्या स्फटिकाची मांडणी अभ्यासली. सेंद्रिय पदार्थांपैकी ज्यांची अंतर्रचना अगदी आरंभी उलगडली, त्यांत हा एक आहे. १९२८ साली अमेरिकेत हेंड्रिक्स यांनी ती अधिक नेमकी केली. हायड्रोजनचे अणू क्ष-किरणांना नीट दिसत नाहीत. त्यांच्या जागा १९५७ साली न्यूट्रॉनच्या साहाय्याने निश्चित झाल्या.

ती रचना बाईंनी फळ्यावर काढून दाखविली. युरिया हा अमाइड वर्गातील लहानसा रेणू आहे. मध्ये कार्बनचा एक अणू, एका बाजूस ऑक्सिजन, दुसरीकडे नायट्रोजनचे दोन हात आणि प्रत्येक हाताला हायड्रोजनची दोन बोटे. एकंदर आठ अणू. स्फटिकात एका रेणूचा ऑक्सिजन शेजारच्या रेणूंचे चार हायड्रोजन धरून ठेवतो आणि त्याच रेणूचे स्वतःचे चार हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजननी धरलेले असतात. चार द्यावयाचे आणि चार घ्यावयाचे. एकामागे एक उभ्या राहिलेल्या रेणूंची साखळी होते, शेजारची साखळी उलट्या दिशेस तोंड करून उभी असते आणि दोन्ही एकमेकींना बांधलेल्या असतात. सुईच्या लांबीच्या दिशेने पाहिले, तर एका मिलिमीटरमध्ये अशा वीस लाखांहून अधिक चौकटी एकापुढे एक बसतात. जवळजवळ तेवढ्याच वजनाचा ॲसिटोनचा रेणू साध्या तापमानात द्रवच राहतो आणि ५६ अंशांना उकळून जातो. युरिया मात्र १३२ अंशांपर्यंत घट्ट राहतो. हे बळ एकट्या रेणूचे नव्हे. ते या धरून ठेवण्याचे आहे.

तो रेणू गाईच्या शरीरातून आला असो, माणसाच्या असो, वा थळच्या मनोऱ्यातून पडलेला असो, चौकट तीच, अंतरे तीच आणि वितळण्याचा अंश तोच. स्फटिकाच्या कोणत्याही कोपऱ्यात तो कोठून आला, याची नोंद नसते.

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायका'च्या पहिल्याच अंकात हिंदू समाजाला जिना नसलेल्या, मजल्यामजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली होती. फळ्यावरील ती आकृती पाहताना आम्हांस तिची आठवण झाली. या स्फटिकात प्रत्येक रेणूचा शेजार अगदी सारखा आहे, वरचा मजला नाही आणि खालचाही नाही, असे आम्ही उत्साहाने बोलून गेलो. बाईंनी आम्हांस थांबविले. "सर, समतेचा पुरावा स्फटिकात शोधू नका. उद्या कोणी मुंग्यांच्या वारुळात विषमतेचा पुरावा दाखवील, तेव्हा काय कराल? माणसांनी एकमेकांशी कसे वागावे, हे माणसांनीच ठरवायचे असते." आम्ही गप्प झालो. त्या बरोबर होत्या.

तरीही एक गोष्ट उरतेच. अमुक पदार्थाने पाणी शुद्ध होते आणि अमुक माणसाच्या स्पर्शाने ते विटाळते, हा दावा वस्तुस्थितीविषयीचा आहे. वस्तुस्थितीविषयीचा दावा जो करील, त्याला तपासणीला सामोरे जावेच लागते. तळ्याचा खटला १० वर्षे चालला. तळे केवळ आमचेच, ही अनादि काळापासूनची रूढी आहे, असा दावा मांडला गेला होता. न्यायालयाने पुरावा मागितला. तो देता आला नाही आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. घागरींमागील दावा प्रयोगशाळेत टिकत नाही, रूढीचा दावा न्यायालयात टिकला नाही. दोन्हीकडे वापरलेले शस्त्र एकच होते : दाखवा.

शुद्धतेचे वेड केवळ आपल्याच भूमीत उपजते, असेही समजू नये. आपल्या शरीरात यकृत विषारी अमोनियापासून युरिया कसा बनविते, हे १९३२ साली जर्मनीत हान्स क्रेब्ज यांनी हेन्सेलाइट यांच्या साहाय्याने उलगडले. पुढच्याच वर्षी हिटलरची सत्ता आली आणि क्रेब्ज ज्यू म्हणून नोकरीवरून काढले गेले. ते इंग्लंडला गेले. युरियाची रचना पाहणारे वायसेनबर्ग यांनाही त्याच कारणास्तव जर्मनी सोडावी लागली. १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर, वडिलांच्या ज्यू कुळामुळे मार्क यांना व्हिएन्ना सोडावे लागले. जाताना त्यांनी आपले धन प्लॅटिनमच्या तारेत बदलून ती तार कोट अडकविण्याच्या आकड्यांच्या रूपात नेली. ज्या रेणूला कूळ नाही, त्याचा शोध घेणाऱ्या तिघांना रक्ताच्या शुद्धतेपायी देशोधडीला लागावे लागले. महाडच्या घागरी आणि बर्लिनचे कायदे यांत अंतर कितीही असो, त्यांना जोडणारा शब्द एकच आहे, हे आम्ही आता वर्गात आवर्जून सांगतो.

निकालाच्या दिवशी मुलीची आई शाळेत आली. मुलगी तिला हात धरून प्रयोगशाळेत घेऊन गेली. आम्ही आणि बाई मागोमाग गेलो. कोकणातील दमट हवेत युरिया पाणी शोषून घेतो आणि पावसाळ्यात तर उघडे स्फटिक चिकट होऊन विरघळू लागतात. म्हणून स्फटिक बाटलीत भरून ठेवले होते. मेण तेवढे लावावयाचे राहिले होते. मुलीने झाकण काढून बाटली आईपुढे धरली आणि हे कशातले आहे, ते सांगितले. आई क्षणभर मागे सरली. मग तिने वाकून वास घेतला.

"याला तर वासच नाय," ती म्हणाली.

"नसतोच, आई."

"मग मला रोज येतो, तो कशाचा?"

मुलीने समजावून सांगितले. मूत्र साचून राहिले की त्यातील सूक्ष्म जीव युरियाचे तुकडे करतात आणि त्यातून अमोनिया निघतो. डोळे चुरचुरतात, ते त्या अमोनियाने. हे घडविणाऱ्या विकराचे नाव युरिएज. ते १९२६ साली अमेरिकेत जेम्स समनर यांनी स्फटिकरूपात मिळविले. स्फटिकरूपात मिळालेले ते जगातील पहिले विकर. किशोरवयात शिकारीतील अपघातात समनर यांचा डावा हात गेला होता. एका हाताने रसायनशास्त्र जमायचे नाही, असे त्यांना सांगण्यात आले होते. पुढे १९४६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मुलगी हे सारे न अडखळता सांगत होती. दारात उभी असलेली मुले ऐकत होती. त्यांत त्या दिवशी मागील बाकावर हसलेली मुलेही होती. या वेळी कोणी हसले नाही.

आईने सारे ऐकून घेतले. तिला मार्क आणि समनर यांच्याशी कर्तव्य नव्हते. तिने एकच निष्कर्ष काढला.

"म्हंजे वास मुताचा नाय, साचल्याचा. लगेच पाणी मारलं तर येणारच नाय." मग ती आमच्याकडे वळून म्हणाली, "सर, तिथं नळाला दुपारपर्यंत पाणीच नसतं. तेवढा एक अर्ज लिहून द्या."

इतक्या वर्षांत महाडचा इतिहास आम्ही अनेकदा शिकविला, परंतु त्याचा सारांश इतक्या थोडक्यात आम्हांस कधी सांगता आला नव्हता. आम्ही तेथेच प्रयोगशाळेच्या टेबलावर बसून अर्ज लिहिला. मजकूर मुलीने सांगितला. अर्जदाराच्या नावापुढे व्यवसायाचा रकाना आला, तेव्हा ती थांबली नाही. तिने 'सफाई कामगार' असे स्पष्ट सांगितले आणि खाली आईने सही केली. त्यानंतर मुलीने बाटलीच्या तोंडाला मेण लावले.

ती बाटली अजून कपाटात आहे. माजी विद्यार्थी आणि पालक शाळेत येतील, तेव्हा त्यांनी ती जरूर पाहावी आणि आपल्या मुलांना दाखवावी. मुले तिच्याविषयी प्रश्न विचारतील. त्यांना घाईने उत्तर देऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.

जय भीम.